जागच्या जागी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०१६च्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या एका रुग्णालयाच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. माझी थोरली बहीण, तिचे यजमान आणि मी. बहिणीच्या यजमानांना आमच्या घरात दुल्हेभाई म्हणतात. दुल्हेभाईंनी एकतीस वर्षे एस. टी. चालवली. घाटात समोरून दुधाचा टँकर आला तरी या माणसाच्या कपाळावर आठी पडत नसे. त्या दिवशीही नव्हती.

आत बोलावणे आले. टेबलामागे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, यकृतातले तीन काळपट ठिपके पेन्सिलीने दाखवले आणि म्हणाले, "औषध तर चालूच राहील. त्याबरोबर आपण आता स्थानिक उपचारांचा विचार करू."

बाहेर आल्यावर आपा माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "मुंबईतक आके बी गावठीच करनेका क्या?"

मला हसू आले, आणि लगेच गिळावेही लागले. तिची काही चूक नव्हती. स्थानिक म्हणजे आपल्या गावचे, आपल्या भागातले. स्थानिक आमदार, स्थानिक भाजी, तसा स्थानिक उपचार. तिच्या डोळ्यांसमोर काय आले असेल ते मला ठाऊक होते. दुल्हेभाईंच्या उजव्या दंडावर रुपयाएवढा जुना डाग आहे. सहा-सात वर्षांचे असताना त्यांना कावीळ झाली होती, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने लोखंड तापवून तो दिला होता. कावीळ पुढे उतरली. तशी ती बहुतेकांची आपोआप उतरते, पण श्रेय लोखंडाला मिळाले आणि डाग जन्मभर राहिला.

डॉक्टरांचा स्थानिक वेगळा होता. गोळी घेतली की ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. त्याउलट रोग ज्या जागी दिसतो त्याच जागी जाऊन त्याला जाळणे, उपाशी मारणे किंवा किरणांनी भाजणे, याला त्यांच्या भाषेत स्थानिक उपचार म्हणतात. मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. डॉक्टरीतले मला कळत नाही. पण त्या एका शब्दाने माझा पिच्छा धरला. फार्मसी शिकलेल्या भाचीला जवळ बसवून मी पुढची तीन-चार वर्षे तिच्याकडून वाचून घेत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी हा रोग कुठला ते सांगायला हवे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. पुस्तकात तिला अधिवृक्क म्हणतात, दवाखान्यात अॅड्रिनल. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. १५६३ साली इटलीत बार्तोलोमेओ युस्टाकी या शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. त्याने काढून ठेवलेल्या चित्रांच्या बहुतेक ताम्रपट्ट्या मात्र १७१४ पर्यंत छापल्याच गेल्या नाहीत. ही ग्रंथी करते काय, हे तर आणखी पुढे कोणालाच सांगता येईना. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या अकादमीने यावर बक्षीस लावून निबंध मागवले. परीक्षक होते मोंतेस्क्यू. होय, तेच, राज्यसत्तेच्या विभागणीबद्दल ज्यांचे नाव आपण नागरिकशास्त्रात वाचतो. १७१८ साली त्यांनी निकाल वाचून दाखवला: एकही निबंध बक्षिसाच्या योग्यतेचा नाही. परीक्षकाने इतके सरळ सांगावे, हे मला साहित्य संमेलनांच्या अनुभवावरून फार मोठे वाटते.

उत्तर मिळायला १८५५ उजाडले. लंडनच्या गाइज रुग्णालयातल्या थॉमस अॅडिसन यांनी काही रोगी पाहिले होते. माणूस खंगत जातो, कातडी काळवंडते, आणि मेल्यावर तपासले तर या दोन ग्रंथी कुजलेल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसला ब्राउन-सेकार यांनी जनावरांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. जनावरे मेली. म्हणजे चार ग्रॅमच्या या टोपीवाचून जगता येत नाही. तिच्या बाहेरच्या सालीतून जे रस रक्तात उतरतात, त्यांत कॉर्टिसोन आणि त्याची भावंडे. त्यांवरच्या कामाला १९५० साली नोबेल मिळाले.

याच सालीत कर्करोग होतो. फार क्वचित; दहा लाख लोकांत वर्षाला एखाद-दोन. ब्राझीलच्या दक्षिण भागात मात्र लहान मुलांमध्ये तो जगाच्या इतर भागांपेक्षा दहा-पंधरा पटींनी जास्त दिसतो, आणि त्याचे मूळ तिथल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या एका जनुकातल्या बदलात सापडले. हा रोग दबक्या पावलांनी येतो. कधी गाठ स्वतःच रस सोडू लागते. मग तोंड पौर्णिमेच्या चंद्रासारखे गोल होते, रक्तदाब आणि साखर चढते, हातापायांतले बळ जाते. दुल्हेभाईंचे तोंड गोल होऊ लागले तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, रिटायर झाले, तब्येत सुधारली!

या गोल तोंडाच्या आजाराला हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाचे नाव आहे. ते नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

२०१४ साली दुल्हेभाईंची डावी ग्रंथी गाठीसकट काढली. नंतर एक गोळी सुरू झाली, मायटोटेन. या गोळीचे कूळ ऐकून मी थक्क झालो. लहानपणी आमच्या आळीत मलेरियावाले यायचे, पाठीवर पंप घेऊन. घरातली भांडी अंगणात काढावी लागत. ते भिंतींवर डी.डी.टी. मारायचे आणि दाराच्या चौकटीशेजारी तारीख लिहून जायचे. तो वास अजून नाकात आहे. मायटोटेन ही त्या डी.डी.टी.चीच चुलत बहीण. १९४९ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या गोतावळ्यातले एक रसायन कुत्र्यांना देऊन पाहात होते, विषारी किती ते कळावे म्हणून. कुत्र्यांच्या अॅड्रिनलची नेमकी साल वाळून गेली. कोणाच्या तरी डोक्यात लख्ख झाले, की हे विष नेमके त्या सालीलाच धरते. १९६०च्या सुमारास ते माणसांना दिले गेले, १९७० साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. इतकी वर्षे झाली, पण या रोगावरचे मुख्य औषध अजून तेच आहे. ते चांगली सालही जाळते, म्हणून बरोबर कॉर्टिसोनच्या जातीच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. तोंडाची चव जाते, मळमळते, चालताना तोल जातो. ज्याने एकतीस वर्षे स्टेअरिंग धरले त्याला जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

रोग पसरल्यावर या गोळीला तीन केमो औषधांची जोड देतात. त्याची मोठी चाचणी १२ देशांत झाली, ३०४ रोग्यांवर. निकाल २०१२ साली आला. चांगल्या ठरलेल्या गटातही निम्मे रोगी १४.८ महिन्यांच्या आत गेले होते. हा आकडा भाचीने वाचला आणि थांबली. मी म्हटले, पुढे वाच. ती म्हणाली, पुढे काही नाही.

म्हणूनच, मुंबईला येण्याआधी आमच्याच भागातल्या ज्या डॉक्टरांनी सांगितले, "पसरलंय. आता घरी न्या, हवं-नको ते खायला द्या," त्यांच्यावर मी पुष्कळ दिवस रागावलो होतो आणि आता तितका नाही. ते ज्या पुस्तकांवर वाढले त्यांत असेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड यांची समजूत अशी, की कर्करोग एका जागेहून पायरीपायरीने बाहेर सरकतो. तेव्हा जितके जास्त कापाल तितके बरे. बायकांच्या छातीवरच्या त्या भयंकर शस्त्रक्रिया याच समजुतीतून झाल्या. पुढे पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी चाचण्या घेऊन दाखवले, की जास्त कापून उपयोग नाही; रोग मुळातच रक्तातून दूर जाऊन बसलेला असू शकतो. फिशर यांनी बायकांवर उपकार केले. पण त्यांच्या म्हणण्याची सावली अशी पडली, की एकदा पसरला म्हणजे सगळीकडे पसरला. मग एका ठिकाणी जाऊन काही करणे म्हणजे गाव पेटले असता एका घरावर घागर ओतणे. १९९५ साली शिकागोच्या हेलमन आणि वाइक्सेलबाउम या दोघांनी मधली वाट मांडली. पसरणे हे काही हो किंवा नाही असे नसते. काही रोग्यांत रोग दोन-चार ठिकाणीच जातो आणि तिथेच थबकतो. त्या वेळी ती ठिकाणे गाठली तर फरक पडू शकेल.

हे १९९५चे. आणि आता मी हजार वर्षे मागे जाणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

स्पेनमध्ये कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्दोबा, या शहराजवळ मदीनतुझ्झहरा नावाचे राजनगर होते. तिथे अबुल कासिम अल्-जहरावी नावाचे वैद्य होऊन गेले. इ. स. १००० च्या आसपास त्यांनी 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर, आणि त्याची सुरुवातच डागणीने. कुठल्या रोगाला कुठे डागावे, कुठल्या आकाराच्या लोखंडाने, याची पन्नासावर प्रकरणे, सोबत हत्यारांची चित्रे. बाराव्या शतकात तोलेदोला त्याचे लॅटिन झाले आणि युरोपातल्या शल्यविद्येला ते पुढे काही शतके पुरले.

इथे आमच्यातले काही लोक छाती फुगवतात, की बघा, सगळे आधी आमच्याकडेच होते. दुसऱ्या बाजूचे लोक सुश्रुताच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय काढतात. तोही खरा आहे. अग्निकर्मावर आहे, आणि कातडीला कशाने डागावे, मांसाला कशाने, सांध्याला कशाने, याचा विचार त्यात जहरावींच्याही कितीतरी आधी केलेला आहे. पण मला या चढाओढीत रस नाही. या दोघांनाही यकृताच्या आतली दोन सेंटिमीटरची गाठ दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या गाठीला कोणी डागू शकत नाही. दंडावरचा डाग यकृतापर्यंत पोहोचत नाही, हे दुल्हेभाईंच्या दंडाकडे पाहून कोणालाही कळेल.

जहरावींचे मोठेपण मला वेगळ्याच जागी दिसते. कर्करोगाबद्दल लिहिताना ते सांगतात, की गाठ लहान असेल, नुकती असेल, आणि सगळी काढता येईल अशा जागी असेल तरच हात घालावा. मोठी आणि जुनी झाली तर जवळ जाऊ नये. अशी गाठ आपण स्वतः कधी बरी केली नाही आणि कोणी केलेली पाहिलीही नाही. दरबारात वावरलेला वैद्य, चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव, आणि ग्रंथात हे लिहून ठेवतो! लहान, थोड्या, आणि हात पोहोचेल अशा जागी. ही तीन विशेषणे लक्षात असू द्या. पुढच्या हजार वर्षांत त्यांतले फक्त तिसरे बदलले. हात पोहोचेल अशा जागा वाढत गेल्या.

त्या कशा वाढल्या ते आता सांगतो.

एक वाट विजेची. १८९१ साली पॅरिसचे आर्सेन द'आर्सोनव्हाल यांना दिसले, की विजेचा प्रवाह सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा उलटसुलट केला तर अंगातून जाताना झटका बसत नाही, स्नायू आखडत नाहीत; फक्त ऊब जाणवते. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनला हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही या भौतिकीच्या माणसाचे यंत्र वापरून एका रोग्याच्या डोक्याला आलेली गाठ काढली. आदल्या वेळी रक्तस्रावामुळे ती अर्धवट सोडावी लागली होती. या वेळी विजेनेच कापायचे आणि विजेनेच रक्तवाहिनी बंद करायची. कुशिंग म्हणजे तेच, गोल तोंडाचे. दुल्हेभाईंच्या आजारालाही त्यांचेच नाव आणि उपचाराच्या वाटेवरही त्यांचाच दगड.

१९९०च्या सुमारास इटलीत आणि कॅलिफोर्नियात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दोन गटांनी हीच वीज सुईच्या टोकावर नेली. दाभणाएवढी सुई. टोक सोडून बाकी सगळी वेष्टनात. सोनोग्राफी किंवा सी.टी.मध्ये बघत बघत कातडीतून यकृतातल्या गाठीत टोक रोवायचे. मांड्यांवर पट्ट्या चिकटवतात, म्हणजे प्रवाहाला परतीची वाट मिळते. टोकाजवळचे पाण्यातले भारित कण सेकंदाला लाखो वेळा इकडून तिकडे हेलकावतात, घासतात, तापतात. साठ अंशांच्या वर गेले की पेशी तिथल्या तिथे मरते, अंड्याचा बलक घट्ट व्हावा तशी. सुई तापलेली नसते, मांसच स्वतःला तापवते. आणि या प्रवाहाचा वेग किती? सेकंदाला साधारण पावणेचार ते पाच लाख आवर्तने. आपण आत्ता हे भाषण मीडियम वेव्हवर ऐकत असाल, तर तो पट्टा ५३१ किलोहर्ट्झला सुरू होतो. म्हणजे तुमच्या रेडिओचा काटा डावीकडे अगदी टोकाला नेलात आणि आणखी थोडा सरकवता आला असता, तर जिथे पोहोचला असता, तिथे ही सुई बोलते. डॉक्टर याला रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात ते उगाच नाही. हे ऐकल्यावर दुल्हेभाई म्हणाले होते, "मंजे पेट में आकाशवाणी लगारे क्या?"

दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. १९२९ साली जर्मनीत एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टराने, वरिष्ठांनी मना केले असताना, स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी आत सरकवत नेली आणि तशीच घेऊन एक्स-रेच्या खोलीकडे चालत गेला. नळी हृदयापर्यंत पोहोचली होती. वरिष्ठांनी फारसे कौतुक केले नाही. १९५६ साली नोबेल मिळाले. पण रोजच्या वापराला ही गोष्ट सोपी केली ती स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी, १९५३ साली. त्यांची युक्ती इतकी साधी आहे की आधी कोणाला का सुचली नाही असे वाटते. आधी पोकळ सुई टोचायची. सुईतून तार आत सोडायची. सुई काढून घ्यायची, तार तशीच ठेवायची. आणि त्या तारेवरून नळी ओवत न्यायची. तार काढली की नळी आपल्या जागी. जखम फक्त सुईएवढी. तेव्हापासून जांघेतल्या एका टोच्यातून शरीराच्या कुठल्याही कोपऱ्यात जायचा रस्ता खुला झाला.

यकृताला रक्त दोन बाजूंनी येते, पाऊणभर आतड्याकडच्या शिरेतून आणि पावभर धमनीतून. पण तिथे वाढलेल्या कर्करोगाच्या गाठी आपले पाणी जवळजवळ सगळे धमनीतूनच ओढतात. हे १९५०च्या दशकात कळले होते. ज्याने रात्री उसाला दारे धरली आहेत त्याला पुढचे सांगायला नको. ज्या सरीला पाणी द्यायचे नाही तिचे तोंड मातीने बंद करायचे, बाकीचे रान भिजतच राहते. जांघेतून नळी नेऊन गाठीच्या धमनीत औषध सोडायचे आणि मागून बारीक कणांनी तोंड बुजवायचे. १९७०च्या दशकात फ्रान्स आणि जपानमध्ये हे सुरू झाले. यकृताच्या स्वतःच्या कर्करोगासाठी. इतर ठिकाणांहून यकृतात आलेल्या गाठींसाठी ते नंतर वापरात आले.

तिसरी वाट किरणांची, आणि ती मी थोडक्यात सांगतो. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली डोके चौकटीत घट्ट धरून अनेक दिशांनी बारीक किरण एकाच बिंदूवर आणण्याची कल्पना मांडली. चाळीस वर्षांनी त्याच शहरात ती छातीपोटासाठी वापरली गेली. श्वासाबरोबर हलणारा ठिपका पकडायचा, म्हणजे नेम धरायला कठीण. अॅड्रिनलचा कर्करोग किरणांना दाद देत नाही, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. ती अलीकडे सैल झाली आहे.

या सगळ्या वाटा दुसऱ्या, जास्त आढळणाऱ्या रोगांसाठी पाडल्या गेल्या. अॅड्रिनलचे रोगी इतके थोडे, की त्यांच्यासाठी वेगळी वाट कोण पाडणार? ते मागाहून त्याच वाटेने आले. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी या कर्करोगाच्या ८ रोग्यांच्या १५ गाठी सुईने जाळल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. आठ रोगी! आपल्याकडे लग्नाच्या बोलणीला याहून जास्त माणसे जमतात. पण तेवढ्यांवरूनही दिसले, की सुई चालते, आणि पाच सेंटिमीटरच्या आतल्या गाठींवर चांगली चालते. लहान, थोड्या, आणि हात पोहोचेल अशा जागी. २०१८ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी या रोगासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पसरलेल्या रोगातही या स्थानिक उपायांना जागा दिली आहे. मात्र चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली पक्की चाचणी या रोगात या उपायांची झालेली नाही. स्तन, फुप्फुस, आतडे, प्रोस्टेट अशा वेगवेगळ्या कर्करोगांतल्या थोड्या ठिकाणी पसरलेल्या ९९ रोग्यांवर किरणांची एक चाचणी झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. किरण दिलेल्यांचे मध्यम आयुष्य ४१ महिने, न दिलेल्यांचे २८. पण त्यात तिघांचा मृत्यू उपचारामुळेही झाला. हे दोन्ही आकडे एकाच दमात सांगायला हवेत, म्हणून सांगितले.

आमच्या घरात याचे काय झाले ते आता सांगून टाकतो. एका माणसावरून कोणी काही ठरवू नये, हे आधीच सांगतो.

तीन ठिपक्यांपैकी दोन, अडीच-तीन सेंटिमीटरचे, सुईने जाळले. मायटोटेन चालू असल्याने आधी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे लागले; ज्याच्या अंगात संकटाला तोंड देणारा रसच उरलेला नाही त्याला ते बाहेरून पुरवावे लागते. तिसरा ठिपका मोठ्या शिरेला चिकटून होता. तिथे सुई चालत नाही, कारण वाहते रक्त उष्णता घेऊन जाते, चुलीवरच्या तव्यावर कोणी सतत पाणी ओतावे तशी. त्याची धमनी जांघेतून जाऊन बंद केली. त्यानंतर चार-पाच दिवस ताप आला, पोट दुखले. दुल्हेभाई पहिल्यांदाच मला म्हणाले, "बस करो मियाँ." मग सावरले. २०१८ साली फुप्फुसात एक ठिपका निघाला, त्याला किरण दिले. पैसे एस. टी.च्या फंडातले होते आणि थोडे आपाच्या पाटल्यांचे.

या काळात ते पुन्हा एकदा घाटात गेले. गाडी भाचा चालवत होता, ते शेजारी बसून त्याला गियर सांगत होते. धाकट्या मुलीचा निकाह झाला, त्या दिवशी ते दोन तास खुर्चीवर बसून होते. आणि पुष्कळसे दिवस नुसतेच गेले, तपासणीच्या तारखांच्या मध्ये अडकलेले. दर तीन महिन्यांनी फिल्म हातात येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. तेही सांगायला हवे. वेळ मिळाला म्हणजे सगळा गोडच मिळाला असे नाही. २०१९च्या दिवाळीनंतर यकृतात इतके नवे ठिपके निघाले, की तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेन्सिल खाली ठेवली. या वेळी "स्थानिक" हा शब्द त्यांनी वापरला नाही. आपाला तो ऐकायचा होता. "अब वो गावठीवाला नहीं करते क्या?" असे तिने त्यांना विचारले, आणि आधीचे काही ठाऊक नसलेले ते बिचारे गोंधळून माझ्याकडे पाहू लागले.

फेब्रुवारी २०२० मध्ये दुल्हेभाई गेले. गुस्ल द्यायला आम्ही चौघे होतो. पाणी घालताना त्यांच्या उजव्या दंडावरचा कावीळीचा डाग हाताला लागला, साठ वर्षांपूर्वीचा, अजून तसाच खडबडीत. सुयांच्या खुणा पाहाव्यात म्हणून मी उजव्या बरगडीखाली बोट फिरवले. एक सापडली, तिळाएवढी. दुसरी सापडली नाही. मागचा मुलगा म्हणाला, चाचा, पाणी निवतंय. मी हात काढून घेतला.